नाव तेच, पत्ता कोणता?

ग्रंथालयाच्या नोंदी, एक्सएमएल आणि नामविश्वे

चाकण कोणत्या तालुक्यात आहे, असे कोणी विचारले तर तुम्ही चटकन सांगाल, "खेड तालुक्यात." उत्तर बरोबर आहे. पण ते पुरेसे आहे का? महाराष्ट्रात खेड नावाचे दोन तालुके आहेत. एक पुणे जिल्ह्यातला, त्याचे मुख्य ठिकाण राजगुरुनगर. दुसरा रत्नागिरी जिल्ह्यातला. कोकण रेल्वेवर त्याच नावाचे स्थानकही आहे. म्हणून पत्रावर आपण 'ता. खेड, जि. पुणे' असे लिहितो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिन कोड सुरू झाला आणि हे काम आणखी सोपे झाले. चाकणचा पिन ४१०५०१, तर कोकणातल्या खेडचा ४१५७०९. गावाच्या नावाने घोटाळा केला तरी आकडे पत्राला वाट चुकू देत नाहीत.

यातून एक साधा नियम निघतो. नुसते नाव सांगून भागत नाही. ते नाव कोणत्या यादीतले, हेही सांगावे लागते. संगणकावर माहितीची देवाणघेवाण करणाऱ्यांना हाच नियम पाळावा लागतो. नावांच्या अशा प्रत्येक यादीला 'नामविश्व' म्हणतात. ग्रंथालयांच्या नोंदी एका साच्यातून दुसऱ्या साच्यात नेताना या नामविश्वांची नीट दखल घेतली नाही, तर काय होते ते या लेखात पाहू.

भोसरीतले एक वर्कशॉप

ग्रंथालयात शिरण्यापूर्वी एका लहानशा वर्कशॉपमध्ये डोकावू. समजा, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एक वर्कशॉप आहे. तेथे आकुर्डीच्या एका कारखान्याचे आणि चाकणच्या एका कारखान्याचे सुटे भाग तयार होतात. दोन्ही कारखाने आपापल्या ड्रॉइंगला आपापले क्रमांक देतात. एके दिवशी दोन्हींकडून १२०५ क्रमांकाचे ड्रॉइंग येते. आकुर्डीचा १२०५ म्हणजे एक बुश, आणि चाकणचा १२०५ म्हणजे एक फ्लँज. आता लेथवर उभ्या असलेल्या कामगाराने काय करावे?

फोरमन युक्ती काढतो. एका ड्रॉइंगवर तो 'आ-१२०५' लिहितो, दुसऱ्यावर 'चा-१२०५'. शिवाय भिंतीवर एक फळा टांगतो. त्यावर 'आ' म्हणजे कोणती कंपनी आणि 'चा' म्हणजे कोणती, हे पूर्ण नावापत्त्यासह लिहिलेले असते. झाले, घोटाळा मिटला!

या युक्तीतल्या दोन गोष्टी ध्यानात घ्या. 'आ' आणि 'चा' या खुणा फक्त या वर्कशॉपपुरत्या आहेत. शेजारच्या वर्कशॉपमध्ये त्याच आकुर्डीच्या कंपनीला 'क' म्हणत असतील. खूण कोणतीही चालते, पण फळ्यावरचा पूर्ण नावपत्ता मात्र सगळीकडे एकच असतो. दुसरी गोष्ट अशी की फळा काढून टाकला तर 'आ' या अक्षराला काहीच अर्थ उरत नाही.

आता समजा, आकुर्डीचे काम फार वाढले. प्रत्येक ड्रॉइंगवर 'आ' लिहून फोरमन कंटाळला. त्याने फळ्यावर आणखी एक ओळ घातली: 'ज्यावर खूण नाही ते आकुर्डीचे समजावे.' वर्कशॉपच्या आत हे छान चालते. पण हाच माल हीट ट्रीटमेंटसाठी दुसरीकडे गेला, तर तेथल्या माणसाला ही ओळ ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने बिनखुणेचा माल कोणाचाच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिची गाठ पडणार आहे.

कार्डापासून एक्सएमएलपर्यंत

पूर्वी ग्रंथालयात लाकडी खणांमध्ये तालिकेची कार्डे असत. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, विषय अशी माहिती प्रत्येक कार्डावर असे. १९६० च्या दशकात वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम या विदुषीच्या नेतृत्वाखाली ही कार्डे संगणकाला वाचता येतील असा एक साचा तयार झाला. त्याचे नाव 'मार्क'. त्यात प्रत्येक प्रकारच्या माहितीला तीन अंकी क्रमांक असतो. लेखक व्यक्ती असेल तर तिचे नाव १०० या क्षेत्रात, पुस्तकाचे नाव २४५ मध्ये, विषय ६५० मध्ये.

पुढे १९९५ मध्ये आणखी एक साचा आकाराला येऊ लागला, 'डब्लिन कोअर'. त्यात शीर्षक, कर्ता, विषय, प्रकाशक, दिनांक असे अवघे पंधरा घटक आहेत. गंमत अशी, की हे डब्लिन आयर्लंडच्या राजधानीचे नव्हे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डब्लिन नावाचे गाव आहे. त्या साच्यासाठीची पहिली बैठक तेथे झाली. आपल्या दोन खेडांचीच ही गोष्ट.

अशा नोंदी लिहून ठेवायला आज 'एक्सएमएल' ही पद्धत सर्रास वापरली जाते. १० फेब्रुवारी १९९८ रोजी तिची शिफारस प्रसिद्ध झाली. तिची कल्पना सोपी आहे: प्रत्येक मजकुराच्या आधी आणि नंतर कोनी कंसात त्याचे नाव लिहायचे. या नावाला 'टॅग' म्हणतात. टॅग कोणते घ्यायचे हे लिहिणाऱ्याने ठरवायचे. देवनागरी टॅगही चालतात! पण हे स्वातंत्र्यच अडचणीचे ठरते. 'नाव' हा टॅग एकाने पुस्तकासाठी वापरला, दुसऱ्याने वाचकासाठी, तिसऱ्याने प्रकाशकासाठी, आणि तिन्ही नोंदी एकत्र आल्या, तर कोणते 'नाव' कशाचे? म्हणून जानेवारी १९९९ मध्ये एक्सएमएलमध्ये नामविश्वांची सोय करण्यात आली.

एका नोंदीत दोन यादा

ही अडचण कल्पनेतली नाही. भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात ठेवले जातात. गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था ते चालवते. अशा भांडारांतील नोंदी इतर संगणकांनी गोळा कराव्यात म्हणून एक जागतिक संकेत आहे, 'ओएआय-पीएमएच'. या संकेतानुसार आलेल्या नोंदीत दोन प्रकारची माहिती असते. वरच्या भागात नोंदीविषयीची माहिती, म्हणजे पाकिटावरचा मजकूर. आणि आत ग्रंथाविषयीची माहिती, म्हणजे पाकिटातले पत्र. 'ओळख' सांगणारा टॅग दोन्हीकडे असतो! पाकिटावरचा टॅग नोंदीची ओळख सांगतो, आतला टॅग ग्रंथाची. दोन्ही टॅगचे स्पेलिंग एकच.

आपण मराठी टॅग घेऊन एक छोटा नमुना तयार करू. त्यातले क्रमांक आणि तारीख कल्पित आहेत. पुस्तक मात्र खरे आहे.

<नोंद एक्सएमएलएनएस="पत्ता-१" एक्सएमएलएनएस:ग्रं="पत्ता-२">
<ओळख>नोंद-५१७</ओळख>
<तारीख>२०२५-०७-०१</तारीख>
<ग्रं:नाव>आकाशाशी जडले नाते</ग्रं:नाव>
<ग्रं:लेखक>जयंत नारळीकर</ग्रं:लेखक>
<ग्रं:ओळख>ग्रंथ-८०४</ग्रं:ओळख>
</नोंद>

'एक्सएमएलएनएस' हा राखीव शब्द खऱ्या नोंदीत रोमन अक्षरांत लिहावा लागतो, आणि 'पत्ता-१', 'पत्ता-२' यांच्या जागी संकेतस्थळाच्या पत्त्यासारखी लांबलचक अक्षरे असतात. छपाईच्या सोयीसाठी येथे ती आटोपशीर केली आहेत.

पहिली ओळ हा आपला भिंतीवरचा फळा. तिच्यात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. ज्या टॅगच्या आधी 'ग्रं:' हा उपसर्ग आहे तो 'पत्ता-२' या यादीतला. ज्याच्या आधी काहीच नाही तो 'पत्ता-१' या यादीतला. म्हणजे दोन्ही 'ओळख' आता वेगळ्या झाल्या. संगणकाच्या दृष्टीने पहिलीचे पूर्ण नाव 'पत्ता-१ मधील ओळख' आणि दुसरीचे 'पत्ता-२ मधील ओळख'. उपसर्ग म्हणजे नुसते टोपणनाव. 'ग्रं' खोडून सगळीकडे 'पु' लिहिले आणि फळ्यावरही तसा बदल केला, तर नोंदीचा अर्थ तसूभरही बदलत नाही.

येथे एक शंका येते. नामविश्वाचे नाव संकेतस्थळाच्या पत्त्यासारखे दिसते, तर संगणक त्या ठिकाणी जाऊन काही पाहून येतो का? नाही. गाडीच्या पाटीवर 'एमएच १४' दिसले की ती पिंपरी-चिंचवडला नोंदलेली हे कळते. त्यासाठी कोणाला परिवहन कार्यालयात जावे लागत नाही. पत्त्याचा आकार घेतला तो एवढ्यासाठीच, की एक पत्ता एकाच मालकाचा असतो आणि दोन संस्थांनी चुकून तेच नाव घेण्याची भीती राहत नाही.

स्टाइलशीट म्हणजे काय?

एका साच्यातली नोंद दुसऱ्या साच्यात न्यायची असेल, तर रूपांतराचे नियम लिहून संगणकाला द्यावे लागतात. या नियमांच्या कागदाला 'स्टाइलशीट' म्हणतात आणि ते लिहिण्याच्या भाषेला 'एक्सएसएलटी'. तिची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी प्रसिद्ध झाली. नियम असा असतो: 'जेथे ग्रं:नाव दिसेल तेथे शीर्षक हा टॅग काढ आणि त्यात तो मजकूर ठेव.'

ग्रंथालयांत याचा उपयोग रोजचा आहे. 'कोहा' ही ग्रंथालयासाठीची मोफत संगणकप्रणाली न्यूझीलंडमध्ये तयार झाली आणि २००० साली वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. भारतातही अनेक ग्रंथालये ती वापरतात. तिच्यात पुस्तकाची नोंद पडद्यावर मांडण्याचे काम अशा स्टाइलशीटच करतात.

स्टाइलशीट स्वतःही एक्सएमएलमध्येच लिहिलेली असते. त्यामुळे तिच्यात तीन प्रकारची नावे एकत्र नांदतात: संगणकाला दिलेले हुकूम, आत येणाऱ्या नोंदीतले टॅग आणि बाहेर जाणाऱ्या नोंदीतले टॅग. कारखान्यात कच्चा माल, तयार माल आणि कामाच्या सूचना एकाच टेबलावर पडाव्यात तसे हे आहे. हुकूम कोणता आणि माल कोणता, हे संगणकाला नामविश्वावरूनच कळते.

तीन खाचखळगे

पहिला खळगा सर्वांत फसवा आहे. वरच्या नमुन्यातली पाकिटावरची 'ओळख' आपल्याला हवी आहे. तिच्या आधी उपसर्ग नाही. म्हणून स्टाइलशीटमध्येही आपण उपसर्ग न लावता 'जेथे ओळख दिसेल तेथे' असा नियम लिहितो. टॅग डोळ्यांना तंतोतंत तोच दिसतो, तरीही नियम लागू होत नाही! कारण एक्सएसएलटीच्या पहिल्या आवृत्तीत नियमामध्ये बिनउपसर्गाचे नाव म्हणजे 'कोणत्याही नामविश्वात नसलेले' नाव. नोंदीतली ओळख 'पत्ता-१'ची आहे, नियमातली ओळख कोणाचीच नाही. हीट ट्रीटमेंटवाल्याकडे गेलेला बिनखुणेचा माल आठवला ना? स्टाइलशीटच्या पहिल्या ओळीत 'बिनउपसर्गाचे ते पत्ता-१चे' असे जाहीर केले तरी उपयोग होत नाही. ती घोषणा टॅगना लागू होते, नियमात शोधायच्या नावांना नाही.

उपाय सोपा आहे. स्टाइलशीटमध्ये 'पत्ता-१' ला एखादा उपसर्ग द्यायचा, समजा 'पा', आणि नियमात 'पा:ओळख' लिहायचे. मूळ नोंदीत उपसर्ग नाही आणि नियमात आहे, हे विचित्र वाटेल. पण पूर्ण नाव दोन्हीकडे 'पत्ता-१ मधील ओळख' हेच होते आणि संगणक पूर्ण नावेच ताडून पाहतो. २००७ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत बिनउपसर्गाच्या नावांसाठी वेगळी सोय केली आहे. मात्र पहिली आवृत्ती चालवणारी साधने आजही वापरात आहेत, म्हणून उपसर्ग लावण्याची सवय बरी.

दुसरा खळगा पत्त्यातल्या एका अक्षराचा. नामविश्वांची नावे अक्षराला अक्षर लावून ताडली जातात. मार्कच्या एक्सएमएल नोंदींचे नामविश्व 'एचटीटीपी' पासून सुरू होते. आजकाल संकेतस्थळांचे पत्ते 'एचटीटीपीएस' ने सुरू होतात, म्हणून एखादा सज्जन जुना पत्ता 'दुरुस्त' करायला जातो आणि एक 'एस' वाढवतो. त्या क्षणी ते दुसरेच नामविश्व होते. शेवटची तिरपी रेघ गळली किंवा लहान लिपीतले अक्षर मोठे झाले, तरी हाच परिणाम. म्हणून पत्ता हाताने टाइप करू नये. मूळ नोंदीतून उचलून जसाच्या तसा ठेवावा.

तिसरा खळगा त्या मानाने निरुपद्रवी. स्टाइलशीटमध्ये जाहीर केलेली नामविश्वे तयार नोंदीच्या माथ्यावरही उमटतात, जरी तेथे ती कोणी वापरत नसले तरी. नोंद चुकीची ठरत नाही, पण गबाळी दिसते. नको असलेले उपसर्ग वगळावेत, असा हुकूम स्टाइलशीटच्या सुरुवातीला देता येतो.

न ओरडणारी चूक

लेथवर चुकीचे हत्यार लावले तर यंत्र आवाज करते, धातू तापतो, कोणाच्या तरी लक्षात येते. नामविश्वाची चूक असा आवाज करत नाही. संगणक म्हणतो, 'तुम्ही सांगितलेली ओळख मला कोठे सापडली नाही,' आणि हेही तो मनातल्या मनात म्हणतो! नियम लागू झाला नाही हा त्याच्या लेखी दोष नाही. काम 'यशस्वी' होते आणि तयार नोंदीत शीर्षकाचा टॅग रिकामा राहतो. कधी दुसराच प्रकार घडतो. एकही नियम न जुळल्यास एक्सएसएलटी आपले अंगभूत नियम वापरते: टॅग गाळायचे आणि आतला सगळा मजकूर ओळीने ओतायचा. मग नोंद अशी दिसते: 'नोंद-५१७२०२५-०७-०१आकाशाशी जडले नातेजयंत नारळीकरग्रंथ-८०४'. अशी खिचडी पडद्यावर दिसली, की पहिला संशय नामविश्वावर घ्यावा.

यात बिघडते काय? समजा, चिंचवडच्या एका लहान ग्रंथालयाने आपल्या नोंदी सामायिक तालिकेत पाठवल्या आणि वाटेत शीर्षके हरवली. चाकणच्या शाळेतला एखादा विद्यार्थी त्या तालिकेत हे पुस्तक शोधतो. उत्तर येते, 'सापडले नाही.' पुस्तक फळीवर जागच्या जागी आहे, त्याला वाळवी लागलेली नाही, कोणी ते पळवलेले नाही. तरीही त्या मुलापुरते ते नाहीसे झाले. तो दुसरे काहीतरी वाचेल किंवा काहीच वाचणार नाही, आणि आपले काय हुकले हे त्याला कधी कळणार नाही. ग्रंथपालाकडे तक्रारही येणार नाही. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांतला चौथा. वेळ वाचवण्यासाठी केलेली तालिकाच पुस्तक लपवू लागली, तर त्या नियमाचा पायाच ढासळतो.

म्हणून कारखान्यातली एक शिस्त येथे उसनी घ्यावी. पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये तयार भाग 'गो-नो गो' गेजने तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. नोंदींसाठीही असे गेज तयार करता येते. आत किती नोंदी गेल्या ते मोजा, बाहेर मजकूर असलेली किती शीर्षके आली ते मोजा. शंभर नोंदींतून शंभर शीर्षके आली तर 'गो', नव्व्याण्णव आली तर 'नो गो'. संगणक ओरडत नसेल तर त्याला ओरडायला शिकवणे आपल्या हातात आहे.

करून पाहा

लिनक्स असलेल्या संगणकावर 'एक्सएसएलटीप्रॉक' हे मोफत साधन चालवता येते. शिक्षकांच्या मदतीने वरची नोंद टाइप करा (राखीव शब्द रोमन अक्षरांत) आणि शीर्षक वेगळे काढणारी चार ओळींची स्टाइलशीट लिहा. मग मुद्दाम पत्त्यातले एक अक्षर बदला आणि काय होते ते पाहा. करण्यापूर्वी आपला अंदाज वहीत लिहून ठेवायला विसरू नका.

विचार करा

१. नोंदीत उपसर्ग 'ग्रं' आहे, स्टाइलशीटमध्ये 'पु' आहे. दोन्हींचा पत्ता मात्र एकच. रूपांतर होईल का?

२. उपसर्ग दोन्हीकडे 'ग्रं' आहे, पण पत्ते वेगळे आहेत. रूपांतर होईल का?

३. एका वर्गात दोन सुनीता आहेत. शिक्षकांनी हाक मारताना 'चिंचवडची सुनीता' म्हटले. येथे नामविश्व कोणते आणि टॅगचे नाव कोणते?

४. तयार झालेल्या सर्व नोंदींत शीर्षकाचा टॅग आहे, पण आत मजकूर नाही. संगणकाने एकही चूक दाखवली नाही. तुम्ही प्रथम काय तपासाल?

उत्तरे: १. होईल, पूर्ण नावे सारखी आहेत. २. होणार नाही; टोपणनाव सारखे असले तरी माणसे वेगळी. ३. 'चिंचवड' हे नामविश्व, 'सुनीता' हे टॅगचे नाव. ४. नियमातल्या नावाला उपसर्ग आहे का, आणि त्या उपसर्गाचा पत्ता मूळ नोंदीतल्या पत्त्याशी अक्षरशः जुळतो का.